वासावरून ओळखणारा

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या काकू जेवणाच्या सुट्टीत फोनवर एक चावट प्रेमकथा वाचायच्या, भागामागून भाग. तिचा नायक जंगलात लांडगा असायचा आणि मिठीत घेताना माणूस व्हायचा. नायिकेला कुठे दुखतंय, खुपतंय, हे त्याला डोंगरापलीकडून नुसत्या वासावरून कळायचं. सोबतच्या बायका चिडवायच्या, "काकू, कान लाल झालेत!" काकू म्हणायच्या, "इस्त्रीची धग लागतेय गं."

त्या दिवशी सहाव्या भागात जीव अडकलेला असताना मनगटाला चांगलाच चटका बसला. पट्टी बांधून काकू घरी आल्या. काकांनी टीव्हीवरची नजर न हलवता त्याच हातातून चहाचा कप घेतला आणि म्हणाले, "साखर कमी पडलीय."

कचरा टाकायला म्हणून काकू खाली उतरल्या, त्या पायरीवरच बसून राहिल्या. जिन्याखालचं लंगडं कुत्रं उठून आलं. त्यानं पट्टी हुंगली आणि काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून ते गप्प पडून राहिलं.

कुणी बघत नाही ना, याची खात्री करून काकू त्याच्या कानाशी वाकल्या.

"तू मात्र माणूस होऊ नकोस हं, राजा."