रक्ताने सांगितलं

निवृत्त होणाऱ्या सिस्टरच्या रक्तातली प्रतिकारशक्ती यंत्राने काढून घ्यायची आणि नव्या मुलींना लशीसारखी टोचायची, असा आता इस्पितळाचा शिरस्ताच होता. आज पाळी हेमलता साळुंखे सिस्टरची. यंत्राने त्यांचं रक्त वाचलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "हिपॅटायटिस बीची प्रतिकारशक्ती. लशीमुळे नव्हे, संसर्गामुळे. नोंद नाही."

'सुई टोचली की लगेच सांगा' असं चौतीस वर्षं मुलींना दरडावणाऱ्या सिस्टरचा चेहरा उतरला.

"नवीन होते तेव्हा, वापरलेल्या सुईला परत टोपण लावताना टोचली," त्या म्हणाल्या. "मेट्रन फाडून खातील म्हणून लपवलं. दैव बलवत्तर म्हणून वाचले."

मग नव्या मुलींच्या रांगेत शेवटी उभ्या असलेल्या रेश्मा तडवीने हातमोजा काढून बोट पुढे केलं.

"सिस्टर, मला सकाळीच टोचलीय."