बनियनवरचा हिवाळा

लिफ्टमध्ये चिकटवलेल्या यादीत सातशे तीन नंबरचं घर सलग तिसऱ्या महिन्यात सगळ्यात वर होतं. जानेवारीत जाळलेल्या गॅसचा कार्बन, चारशे बारा किलो. सगळ्यात खाली आठशे तीन, म्हणजे वसाहतीचा अध्यक्ष प्यो जोंग-मान. अकरा किलो, तेही आंघोळीच्या पाण्याचे.

"चारशे बारा," प्यो म्हणाला. लिफ्टमध्ये आणखी चार माणसं होती, म्हणून जरा मोठ्यानेच. "घरात कलिंगडं पिकवताय की काय, ही-सुकबाई?"

"आई अंथरुणाला खिळलीय, साहेब. तिला थंडी सोसत नाही."

"मग एक स्वेटर जास्त चढवा तिला. सगळा सवयीचा प्रश्न आहे. मी बासष्ट वर्षांचा माणूस. सहा हिवाळे झाले, फरशीखालच्या नळ्यांत गरम पाणी सोडायला बॉयलर चालू केलेला नाही. जानेवारीत घरात बनियनवर फिरतो."

माणसं कौतुकाने हसली. चुनचॉनच्या थंडीत बनियनवर फिरणं म्हणजे काही खायचं काम नाही. त्या एका बनियनवर तो दोनदा निवडून आला होता.

ही-सुकने यातलं काहीच आईला सांगितलं नाही. पण भेटायला येणाऱ्या कुणीतरी सांगितलंच. मुलगी कामावर गेली की म्हातारी सरपटत भिंतीपर्यंत जायची, बॉयलरचं बटण बंद करायची आणि संध्याकाळी तिच्या यायच्या आत पुन्हा लावायची. लेकीची नाचक्की नको म्हणून. फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत सगळं संपलं.

मार्चमध्ये नवी यादी लागली. सातशे तीन मधोमध आलं होतं.

"बघा," प्यो लिफ्टमध्ये म्हणाला, "मनावर घेतलं की जमतं."

ही-सुकने मान खाली घातली. त्या क्षणी तिला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला होता.

एप्रिलमध्ये घरातली उष्णता मोजणारी पालिकेची तपासनीस आली. तिने हातातल्या कॅमेऱ्यातून खिडक्या पाहिल्या, भिंती पाहिल्या. मग आईच्या रिकाम्या खोलीत छताकडे कॅमेरा धरून ती बराच वेळ थांबली आणि हळू आवाजात एक वाक्य बोलली. ही-सुकने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. नंतर तिच्यासाठी चहा केला.

ऑक्टोबरात ही-सुक स्वतःहून प्योच्या दारात उभी राहिली. "साहेब, तुमच्या मोहिमेत मला घ्या. मला माझी चूक कळलीय."

प्यो खूश झाला. पश्चात्ताप झालेला माणूस हाताशी असला की भाषणाला रंग चढतो. त्याने यादी लावायचं कामही तिच्याकडे सोपवलं.

ती झपाट्याने कामाला लागली. आधी स्वतःच्या घरात, तिने सगळ्या छताला जाड पांढरे फोमचे तक्ते ठोकून घेतले. मग आठशे दोनच्या गुक नवरा-बायकोला गाठून प्योच्या घराला लागून असलेली भिंत तशीच झाकून दिली. शेवटी ती नऊशे तीनमध्ये बोंग-सूनकडे गेली. तिच्या फरशीवर तिने बुचाचा जाड थर अंथरला, त्यावर विजेची उबदार चटई घातली आणि फरशीतलं गरम पाणी बंद करायला लावलं.

"माझे गुडघे या चटईवर बरे राहतील," बोंग-सून म्हणाली. "पण तुला लाज कशी वाटत नाही गं? आईला जाऊन वर्ष नाही झालं, आणि तू त्याच माणसाच्या पुढेपुढे करतेस?"

"कडेला दुमडलंय, ताई. जरा पाय उचला."

डिसेंबरच्या यादीत तिन्ही घरांचे आकडे निम्म्यावर आले. गडबडीत स्वतःचा आकडा न बघताच प्योने सभेत तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. सगळ्यात जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या.

जानेवारीत पारा उणे वीसला गेला. फेब्रुवारीच्या दोन तारखेला प्योने तिला फोन करून घरी बोलावलं.

त्याच्या अंगात दोन स्वेटर होते आणि वर जाडजूड कोट. कानटोपीही होती. बॉयलर घुरघुरत होता.

"दिवसरात्र चालू आहे," तो म्हणाला. "तरी पाय गारठतात. बिलावर पाचशे चाळीस किलो दाखवतंय, ही-सुकबाई! माझ्या नावावर! तपासून घेतलं, तर मेकॅनिक म्हणतो यंत्र ठणठणीत आहे. काहीतरी बिघडलंय नक्की. यादी एवढ्यात लावू नका. निवडणूक तोंडावर आहे."

"लावूनच वर आले, साहेब. सगळ्यात वरती तुमचं घर आहे."

तो खाली बसला. थंड फरशीवरून लगेच पुन्हा उठला. "पण सहा वर्षं... मी तर बनियनवर..."

ही-सुकने पायातल्या जाड मोज्यांच्या घड्या सावकाश सरळ केल्या.

"ती तपासनीस बाई मला म्हणाली होती, 'तुमच्या आईच्या खोलीतली निम्मी ऊब वर राहणाऱ्या माणसाच्या तळपायांना लागते.'"