शर्वरीची बारावी निवृत्ती

डोक्यावरचा टोप काढून शर्वरी कंबर धरत खुर्चीतून उठली. पदवी घेतल्यापासून अनुभव केंद्रात येऊन तासाभरात तीस वर्षांची नोकरी जगून बघायची ही तिची बारावी खेप. बाहेरच्या बाकावर बसून बसून तिच्या वडिलांचा, मनोहररावांचा, पारा चढला होता.

"भूगर्भतज्ज्ञ होऊन कसं वाटलं?"

"समाधान वाटलं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेताना रडूच आलं."

"मग हेच नक्की?"

"शिक्षिका होते तेव्हाही रडले होते, बाबा."

मनोहररावांनी कपाळावर हात मारला. "अगं, काहीही एक निवड आणि सोमवारपासून कामाला लाग."

शर्वरीने त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "बारा वेळा निवृत्त झालेय मी. आता नाही झेपत. तुम्ही करा नोकरी, तुमचं अजून वय आहे."