सातव्या दिवसाची चिक्की

पर्युषणाचे दहाही उपवास नुसत्या पाण्यावर केले म्हणून पंधराव्या वर्षी मला रथातून मिरवलं. सातव्या दिवशी मी न्हाणीघरात चिक्की खाल्ली होती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

मंदिरापाशी पप्पांनी सगळ्यांदेखत माझ्या पायाला हात लावला. एरवी माझा पहिला नंबर आला तरी मान वर न करणारे पप्पा. मी पाय मागे ओढला.

"पोरीला गर्व नाही बघा," बायका म्हणाल्या.

घरी पारण्यासाठी आई मुगाचं पाणी गाळत होती. मी तिला सगळं सांगून टाकलं.

"चिक्कीचा कागद मीच उचलला," ती म्हणाली.

"मग पप्पांना सांगू?"

"वीस वर्षांची तंबाखू सोडलीय त्यांनी आज, तुझ्या पायाला हात लावून. बघ बाई तूच."

तिनं वाटी पुढे केली. ती घ्यावी की नको, मला कळेना.