ऑलवुड साहेबांचा आवाज

"बघ गो अनिता, कसा बोलतोय मेला! छातीतून आवाज येतोय त्याचा," शेजारची बायजाबाई टीव्हीपुढे सरकत म्हणाली.

प्रविणने चहाची बशी आपटली. "तो आवाज माझा हाय, बायजाबाई. चार वर्षं सांगतोय."

"व्हय? मग तोंड त्याचं कशाला दिसतंय?"

जमलेले शेजारी हसले. प्रविणची बायको अनिताही पदर तोंडाला लावून हसली. प्रविणला ते लागलं.

तो रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत शिफ्टवर होता. सुट्टीच्या दिवशी रोह्याहून मुंबईला जाऊन डबिंग करायचा. विलायती मालिकांत ऑलवुड साहेब ओठ हलवायचे, हिंदी बोलायचा प्रविण. हेडफोनमधून त्याने साहेबांचं मूळ इंग्रजी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यातला श्वासही त्याला पाठ होता.

साहेब कधी बटलर, कधी पाद्री, कधी जज्ज. तीस वर्षांत नायक एकदाही नाही. तरी जिथे येतील तिथे नायकाला झाकून टाकत. फोटो त्यांचे, कौतुक त्यांचं. प्रविणचं नाव शेवटच्या पाट्यांमध्येसुद्धा नसे.

शहाण्णवच्या हिवाळ्यात साहेब शूटिंगसाठी पेणच्या मिठागरात आले. प्रविणने ठरवलं, साहेब इंग्रजीत बोलले की लगेच आपण तेच हिंदीत बोलायचं. सगळ्यांसमोर. मग बघू कोण हसतं ते.

अनिता आणि बायजाबाईला घेऊन तो सकाळीच पेणला पोचला. बांधावर ही गर्दी! साहेब खुर्चीत बसले होते. उंच, गोरेपान, पिकल्या मिशांचे. अनिताने त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

"माझ्या गळ्यात लग्नानंतर कधी घातलास?" प्रविण पुटपुटला.

"तुम्ही कुठं नट हाव?"

लोक ओरडत होते, "साहेब, हिंदीत बोला ना कायतरी!" साहेबांनी नुसते हात जोडले. इंग्रजीतही शब्द नाही.

"रुबाब बघ कसा," बायजाबाई म्हणाली.

प्रविण जळफळत साहेबांकडे बघत राहिला. एवढ्या गर्दीत आणखी एकच माणूस साहेबांकडे तसाच बघत होता. त्यांच्याबरोबर आलेला एक बुटका, टकला गोरा. हार बघून त्याने मान फिरवली. साहेबांचा नोकर असेल, प्रविणला वाटलं. त्याला कोणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

शूटिंग सुरू झालं. दिग्दर्शकाने हात वर केला तशी गर्दी चिडीचूप झाली. साहेब मिठाच्या राशीपाशी उभे राहिले, छाती भरून घेतली आणि त्यांचे ओठ हलले.

तोच आवाज. खोल, भरदार. प्रविणच्या अंगावर काटा आला.

"आता ऐक," तो अनिताला म्हणाला आणि एक पाऊल पुढे झाला. साहेबांचं वाक्य संपत आलं होतं. त्याने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

आवाज राशीकडून येत नव्हता. कॅमेऱ्यामागे, हातातल्या कागदावर नजर ठेवून, तो बुटका माणूस बोलत होता.