वातींचा दोर

“वेणू पोरी, माल नुसता ठेवायचा नसतो. असा बांध, की गाडी हलली तरी तो हलता कामा नये.” मालधक्क्यावर राबलेल्या, आता दृष्टी गमावलेल्या वडिलांचं, अण्णांचं सांगणं आठवत वेणूताईंनी रेल्वे-प्रतिकृतींच्या स्पर्धेतल्या इवल्या रुळांवर स्वतः घडवलेली मालगाडीची वाघीण ठेवली. तिच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, अवजड ट्रान्सफॉर्मरचा नमुना त्यांनी कापसाच्या दोरांनी आवळला होता.

“काकू, निरांजनातल्या वाती गुंडाळल्यात की काय?” शेजारचा स्पर्धक हसला.

“रोज त्याच वळते ना, हाताला तेवढंच जमतं.”

गाड्या धावू लागल्या. वळणावर त्याच्या वाघिणीवर बांधलेला बॉयलर कलंडला. वेणूताईंचा ट्रान्सफॉर्मर मात्र तसूभरही सरकला नाही. “मानलं, काकू!” तोच आधी ओरडला. वेणूताईंनी लगेच वाघीण उचलली. “थांबा, पहिलं बक्षीस तर घ्या!”

“तूच घेऊन ठेव रे. अण्णांना शब्द दिलाय, पास-नापास त्यांनी दोर ओढून ठरवायचं.”

ताठ मानेने, वाघीण पदराखाली घेऊन त्या घराकडे निघाल्या.