मालकांच्या हातचा मासा

मावशीनं हंसाची मान धरून एक हिसडा दिला आणि त्याचा पुन्हा साधा रुमाल झाला. तो मांडीवर पसरत ती लवंगीला म्हणाली, "तोंड सरळ कर. आपण जेवायला आलोय, भांडायला नाही."

लवंगी भांडायलाच आली होती. मावशी उपनगराच्या साप्ताहिकात खाण्यावर सदर लिहायची. या आठवड्याला एकाच रस्त्यावरची दोन हॉटेलं होती. हे पांढऱ्या टेबलक्लॉथचं, भारतीय. समोरचं प्लॅस्टिकच्या स्टुलांचं, नूडलचं. मावशीनं या पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या मालकाची सालटी काढावी, एवढंच लवंगीला हवं होतं.

कारण त्या झुलत्या दारापलीकडे, भटारखान्यात, तिची आई होती. गेली नऊ वर्षं.

मेनूत सगळ्यात वर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'मालकांच्या हातचा मासा'. मालकांचा हात त्या माशाला लागलाच तर ताट टेबलावर ठेवताना लागायचा. अख्खा मासा, पातळ रस्सा, कातडीला कुठे चीर नाही. तो आई करायची. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं करणाऱ्याला भेटायचंच म्हणून हट्ट धरला. नव्या वेटरनं भोळेपणानं आईला बाहेर बोलावलं. शाळेतून परस्पर आलेली लवंगी दाराशीच उभी होती. आई टोपी सारखी करत आली, आणि मालक हसून म्हणाले, "ही फरशी पुसते आमच्याकडे. वाट चुकली."

आई मागे वळली. खरंच चुकल्यासारखी.

त्या दिवशी लवंगीनं घर डोक्यावर घेतलं. आई भाजी निवडत राहिली. खाल्ल्या मिठाला जागावं, एवढंच म्हणाली. ते मीठसुद्धा तूच घालतेस, असं लवंगीनं सुनावलं, तरी आई हसली नाही.

मासा घेऊन मालक स्वतः आले. मावशी आणि आई बहिणी आहेत हे त्यांना माहीत नव्हतं. फरशी पुसणाऱ्या बाईला बहीण आहे की नाही, कोण विचारतो? लवंगीकडे तर त्यांनी पाहिलंही नाही. आजीनं मरताना ही कृती कानात सांगितली, पहाटे उठून मी एकटाच करतो, भटारखान्यात कुणाला फिरकू देत नाही, असं बरंच त्यांनी सांगितलं. मावशीनं शब्द न् शब्द उतरवून घेतला. लवंगीनं टेबलाखालून लाथ मारली, ती मावशीनं गिळली.

दुसऱ्या दिवशी नूडलवाल्या काकूंकडे. स्टूल डुगडुगत होतं, रुमाल कागदी, आणि वाडगा चार मिनिटांत समोर आदळला. दारातल्या पाटीवर काकू रोज खडूनं लिहायच्या, आज कुणाच्या हातचं. त्या दिवशी लिहिलं होतं, 'आज थोरली सून. तिखट आहे, सूपही.' लवंगीला वाटलं, बस्स, मावशीला आता वेगळं काही सांगायलाच नको.

सदर छापून आलं. काकूंना तीन चमचे. मालकांना पाच.

शेवटी लिहिलं होतं, अशा हाताला बंद दाराआड ठेवणं हा वाचकांवर अन्याय आहे, मालकांनी हा मासा एकदा सगळ्यांसमोर करून दाखवावा. साप्ताहिकानं लगेच सभागृह ठरवलं. मालकांनी सदराला सोनेरी चौकट केली आणि होकार कळवला.

लवंगीनं मावशीला विकाऊ म्हटलं. मावशीनं संत्रं सोलून अर्धं तिच्यापुढे धरलं. लवंगीनं ते घेतलं नाही, ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. आईनं तर ताळतंत्रच सोडला. सदर दोनदा वाचलं आणि मावशीला फोन करून आभार मानले.

मग मालकांचा हुकूम आला. आईनं मासा आधीच तयार करायचा आणि झाकलेलं पातेलं मंचावरच्या टेबलाखाली ठेवायचं. मालक थोडं चिरतील, थोडं बोलतील आणि मग ते वर काढतील. आई म्हणाली, हो मालक. निदान एकदा तरी नाही म्हण, असं लवंगी रडत म्हणाली. आई म्हणाली, "माणसानं सांगितलेलं काम चोख करावं."

रविवारी पहाटेच आई स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती. लवंगीनं डोक्यावरून पांघरूण ओढलं. आठ वाजता आई फडक्यात बांधलेलं पातेलं घेऊन निघून गेली. अजिबात जायचं नाही असं ठरवलेली लवंगी अकराला सभागृहात मागच्या खुर्चीत बसली होती.

दोनशे माणसं, कॅमेरा, मोठा पडदा. मालक नव्या कोऱ्या उंच टोपीत. आजीवर वीस मिनिटं बोलले, दोन कांदे चिरले, कच्चा मासा कढईत सोडून झाकण ठेवलं. याला चाळीस मिनिटं लागतात, म्हणाले, पण तुमच्यासाठी मी सकाळीच उठून तयार ठेवलाय. त्यांनी फडक्याची गाठ सोडली, ऐटीत झाकण उचललं आणि पातेलं कॅमेऱ्याकडे कलतं केलं.

पडद्यावर पातेल्याचा तळ दिसला. कोरडा, लखलखीत, रिकामा.

मालकांनी मंचाच्या पडद्याआड पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. कुजबुज वाढली. तेवढ्यात पहिल्या रांगेत, नूडलवाल्या काकूंच्या शेजारची बाई उठून उभी राहिली. मोकळे केस, लाल लिपस्टिक, हातात वही आणि पेन्सिल. ही आपली आई आहे, हे लवंगीला आवाज ऐकल्यावर कळलं.

"असू दे, मालक. सुरुवातीपासून सावकाश करून दाखवा. आम्हाला घरी करून बघायचाय."